मावशीच्या यंत्राचा मांडीवरून प्रवास

तीर्थरूप मावशीच्या चरणी साष्टांग नमस्कार. (हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या शेजारीणबाईंनाही नमस्कार. कंस आला की जरा जपून वाचा. काही कंस फक्त तुमच्यासाठी आहेत, आणि मावशीचे कान तिच्या बोटांइतकेच तयार आहेत.)

सगळ्यात आधी पक्की बातमी. तुझं ब्रेलचं यंत्र काल, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी देशाच्या त्या टोकाला परीक्षेच्या केंद्रावर पोहोचलं. खात्री केली ती 'हातोहात' मंडळाच्या फोनवाल्या बाईंनी. त्यांनी तिकडच्या माणसाला फोन यंत्राजवळ धरायला लावला, एक पूर्ण ओळ काढायला लावली, ओळीच्या शेवटी वाजणारी घंटा स्वतःच्या कानाने ऐकली, आणि मगच मला "पोचलं" म्हणून कळवलं. केंद्रावरच्या शिक्षकांनी त्या ओळीवरून बोट फिरवून पाहिलं. सगळे ठिपके जागच्या जागी आहेत.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? खोकला गेला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे तुझी सूनबाई मजेत आहे आणि मी तिच्या मजेचं कारण झालो आहे. (शेजारीणबाई, सूनबाई म्हणजे माझी बायको.) का, ते आता सांगतो.

काल मी फोन करून "पोहोचलं" म्हणालो, तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास, "जमिनीला टेकलं का रे कुठे?" मी म्हणालो, "आवाज नीट येत नाहीये," आणि फोन ठेवला. मावशी, आवाज नीट येत होता. पण काही उत्तरं फोनवर देता येत नाहीत, त्यांना कागद लागतो आणि मध्ये एक शेजारीण लागते.

तुझी अट मी विसरलेलो नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी तुला त्या परीक्षेच्या बाईंबद्दल सांगितलं, की पूर्वी कपडे शिवायच्या, चौतिसाव्या वर्षी दृष्टी गेली, आता चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा देताहेत आणि ऐन वेळी केंद्रावरचं एकुलतं एक यंत्र मोडलं, तेव्हा तू यंत्र जवळ ओढलंस. मला फोनमध्ये मागे त्या सहा कळांवरून तुझा हात फिरल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "नेऊ दे. पण माणसाच्या मांडीवरून जाईल. टपावर नाही, डिकीत नाही, सीटखाली तर नाहीच. एकदा जरी जमिनीला टेकलं, तर तिथूनच माघारी आणायचं." अंधशाळेत तू छत्तीस वर्षं शिकवलंस, त्यात एकदा एका शिपायाने यंत्र धाडकन खाली ठेवलं, आतली एक टोचणी वाकली, ते पेपर संपेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि एका हुशार मुलाचं वर्ष गेलं. एक ठिपका गळला की अक्षर बदलतं, हे तू मला मी सहा वर्षांचा असल्यापासून सांगत आली आहेस. त्यावर मी काय म्हणालो होतो, तेही मला आठवतं. मी म्हणालो होतो, "मावशी, यंत्र माझ्यापर्यंत आलं की पोचलंच समज."

(शेजारीणबाई, इथे मावशी हसेल. हसू द्या. पुढे तिला वेळ मिळणार नाही.)

आता 'हातोहात'बद्दल थोडं, कारण तुला मी घाईत सांगितलं होतं आणि मलाही तेव्हा अर्धंच माहीत होतं. या मंडळाला ऑफिस नाही, अध्यक्ष नाही, फलक नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांचा एक फोन आहे, आणि त्यांच्या डोक्यात देशभरातल्या नऊशे माणसांची येण्याजाण्याची वेळ आहे. कोण दर मंगळवारी कुठे जातो, कुणाची लेक कुठे दिली आहे, कोण दाताच्या डॉक्टरकडे महिन्यातून दोनदा जातो. कुणाला काही द्यायचं असलं, कुबड्या, पुस्तकं, पाळणा, काहीही, की ते जाणाऱ्या माणसाबरोबर जातं, त्याच्या वाटेपुरतं, आणि पुढच्याच्या हातात पडतं. वस्तूबरोबर एक वही जाते. वहीत नाव लिहायचं नाही, फक्त धंदा आणि वेळ. नियम दोनच आहेत. प्रश्न विचारायचे नाहीत आणि आभार मानायचे नाहीत. कारण, फोनवाल्या बाई म्हणतात, माणसं या दोन गोष्टींत फार वेळ घालवतात आणि बस सुटते.

तुझ्या दारापासून त्या केंद्रापर्यंत एकोणीस हात ठरले होते. मी सातवा. पहिले सहा, मावशी, सोन्यासारखे निघाले. न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसवून ठेवलं आणि खोकं स्टँडवर पोचवलं. एका वकीलबाईंनी कोर्टात ते मांडीवर घेऊन तारीख मागून घेतली. मंगळवारी संध्याकाळी सहावा हात, एक माळी, माझ्या गल्लीच्या तोंडाशी आला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि खोकं देताना म्हणाला, "दोन हातांनी धरा." मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

बुधवारी सकाळी आठच्या बसने पुढचा माणूस जाणार होता. फलाट चार, खूण निळी पिशवी. मी सात वीसलाच पोचलो. (सूनबाईचं म्हणणं, "पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात उशिरा गेलात, कुणाचं काही बिघडलं नाही. एक दिवस लवकर गेलात, तर केवढा घोळ!" हा कंस मोठ्याने वाचला तरी चालेल. नाही तरी ती सगळ्यांना सांगतेच आहे.) चार नंबरला बस उभी होती. खिडकीशी एक माणूस बसला होता, मांडीवर निळी पिशवी. मी आत चढलो, त्याची पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

तो म्हणाला, "अहो साहेब, पण हे..."

मी म्हणालो, "प्रश्न विचारायचे नाहीत."

"अहो, पण मी तर..."

"आणि आभारही मानायचे नाहीत."

"कुणाचे आभार?"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. माणूस तयारीचा वाटला. तेवढ्यात बस हलली. मी उडी मारता मारता ओरडलो, "काही झालं तरी जमिनीला टेकवू नका!" त्याने मान हलवली. बस गेली, मी रुमालाने घाम पुसला, आणि देशासाठी आपणही काही तरी केलं, अशी एक भावना माझ्या मनात आली. ती बरोबर वीस मिनिटं टिकली.

आठला दहा कमी असताना निळ्या पिशवीचा एक गृहस्थ धावत आला. "मी कंपाउंडर. द्या."

"दिलं की," मी म्हणालो.

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्याने स्वतःची निळी पिशवी वर करून दाखवली. मग मी फलाटावर खडूने लिहिलेली सूचना वाचली. गेलेली बस उलट्या दिशेची होती. उशिरा आली म्हणून चार नंबरला लावली होती. मावशी, तुझं यंत्र तुझ्याच गावाकडे परत निघालं होतं, एका अशा माणसाच्या मांडीवर, ज्याने 'हातोहात' हा शब्दही कधी ऐकला नव्हता. माझ्या हातात जेवणाचा डबाही नव्हता. तोही घाईत त्याच्याच मांडीवर गेला होता.

(शेजारीणबाई, इथे थांबून मावशीला पाणी द्या. तिला सांगा, पहिल्या परिच्छेदात यंत्र पोचलेलं आहे. ते अजूनही पोचलेलंच आहे.)

माझी पाचावर धारण बसली. मी फोनवाल्या बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "खाली ठेवलंत की मांडीवर?" मी म्हणालो, "मांडीवर." त्या म्हणाल्या, "मग हरवलेलं नाही. माणसाकडे आहे. फक्त वाट चुकलंय." त्यांचा आवाज इतका शांत होता, की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग फोन ठेवल्यावर मी भाड्याची गाडी केली आणि त्या बसमागे सुटलो.

इथून पुढचं मला त्या माणसाने स्वतः सांगितलं, म्हणून सांगू शकतो. तो गिलावा करणारा मिस्त्री. तुमच्या गावात एका शाळेच्या छताचं काम घेतलं होतं, त्यासाठी निघाला होता. अक्षरओळख बेताची, फोन चार्जिंगला लावून घरी विसरलेला. मांडीवर पाच किलोंचं खोकं, त्यावर माझा डबा, आणि डोक्यात एकच आज्ञा, जमिनीला टेकवायचं नाही. का, ते माहीत नाही. पण सांगितलंय ना, मग नाही टेकवायचं. मावशी, मी सकाळपासून याच वाक्याचा विचार करतो आहे. मला जर कुणी अनोळखी माणसाने बसमध्ये असं खोकं दिलं असतं, तर मी पुढच्या थांब्यावर पोलिसांना बोलावलं असतं.

रस्ता खराब होता. यंत्रातली ती सरकणारी पेटी आम्ही नीट अडकवली नव्हती. (आम्ही म्हणजे मी. रात्री जरा उघडून पाहिलं होतं. हा कंस शेजारीणबाईंसाठी.) त्यामुळे दर खड्ड्याला घंटा वाजायला लागली. टिंग! एक घंटा म्हणजे थांबा, हे प्रत्येक ड्रायव्हरला झोपेतही कळतं. बस थांबली. कुणी उतरेना. पुढे निघाली. टिंग! पुन्हा थांबली. पाचव्या वेळी ड्रायव्हर मागे वळून कंडक्टरवर ओरडला, कंडक्टर म्हणाला, "मी हातही लावला नाही," आणि तो रागाने एकेका सीटपाशी वाकत शोध घेत मिस्त्रीपर्यंत आला. "काय आहे यात?" मिस्त्री म्हणाला, "विचारायचं नाही म्हणून सांगितलंय." "कुणी?" "एका टकल्या साहेबांनी. फार घाईत होते."

तेव्हा कंडक्टरला दोरीने बांधलेली वही दिसली. मिस्त्री म्हणाला, तुम्हीच वाचा. कंडक्टरने पहिलं पान मोठ्याने वाचलं. ते पान तू सांगितलंस आणि न्हाव्याने लिहिलं, ते तुला पाठ असेल: हे यंत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे, चाळीस वर्षं वापरातलं, ते एका बाईंना सोमवारी अकराच्या आत परीक्षेसाठी हवं आहे, माणसाच्या मांडीवरूनच न्यावं, जमिनीला टेकवू नये. मग एकेक हात वाचला. न्हावी. वकीलबाई. शेवटी माळी. आणि पुढे माझ्या अक्षरात 'कार्यालयीन कर्मचारी, सकाळी सात वीस'. मिस्त्री सांगतो, ऐकायला मागचे लोक पुढे सरकले होते. मग मागच्या सीटवरच्या एक आजी म्हणाल्या, "अरे, मग आपण उलटे कुठे चाललोय?"

मावशी, त्या 'आपण' म्हणाल्या! जणू यंत्र नव्हे, सगळी बसच चुकीच्या दिशेला लागली होती.

मग जो गलका झाला! एक म्हणे बस वळवा, दुसरा म्हणे माझं बारा वाजता ऑपरेशन आहे, पण पाच मिनिटं थांबू. ड्रायव्हरने बस हळू केली. समोरून दुसरी बस येताना दिसली, तसे त्याने दिवे मारले, हात बाहेर काढला आणि दोन्ही बस भर रस्त्यात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. खोकं मागून पुढच्या दाराकडे निघालं, एकेका मांडीवरून. एका म्हाताऱ्याने ते दोन क्षण जास्तच धरून ठेवलं, तर पुढची बाई म्हणाली, "आजोबा, सोडा, बाकीच्यांनाही घेऊ द्या." प्रत्येकाला वहीत लिहायचं होतं. कंडक्टर म्हणाला, वेळ नाही, आणि त्याने स्वतः नोंद केली. फोनवाल्या बाईंनी ती केंद्रावरून वाचून घेतली आणि काल मला सांगितली. आठव्या हाताच्या रकान्यात धंदा लिहिलाय: 'एक बस'.

मिस्त्रीही खोक्याबरोबर उतरला. कंडक्टर म्हणाला, "तुम्ही कशाला? तुमचं छत थांबलंय ना?" मिस्त्री म्हणाला, "माझ्या मांडीवर ठेवलंय. आता पुढे कुणाच्या मांडीवर जातंय, ते मी बघणार." छत त्याने थांबवलं. शाळेला दुसऱ्याच्या फोनवरून कळवलं, की चार दिवस पोरांना ओसरीत बसवा.

आणि मी? मी भाड्याच्या गाडीत उलट्या दिशेने सुसाट जात होतो. वाटेत समोरून एक बस आली, रस्ता अरुंद, मी खिडकीतून हात काढून तिच्या ड्रायव्हरला बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला. त्या बसमध्ये यंत्र होतं.

पुढची गंमत ऐक. ठरलेले आठ ते अकरा नंबरचे हात, म्हणजे आमचा कंपाउंडर, एक ग्रंथालयातल्या बाई, एक पंक्चर काढणारा आणि पोस्टात शिक्के मारून निवृत्त झालेले एक आजोबा, यांचं काम आता उरलंच नव्हतं. मिस्त्री सलग घेऊन चालला होता. कुणालाही वाटलं असतं, सुटलो बुवा. तर चौघांनी फोनवाल्या बाईंकडे तक्रार केली, की आमची पाळी हुकली. पोस्टातले आजोबा तर म्हणाले, मी इस्त्रीचा सदरा घालून बसलोय. शेवटी बाईंनी तोडगा काढला. चौघंही आपापल्या थांब्यावर बसमध्ये चढले, मिस्त्रीच्या शेजारी बसले आणि आपापल्या वाटेपुरतं खोकं मांडीवर घेऊन गेले. मिस्त्री शेजारून लक्ष ठेवून होता. आजोबांच्या मांडीला मुंग्या आल्या, तेव्हा म्हणाला, "द्या इकडे थोडा वेळ." आजोबा म्हणाले, "अजून दोन थांबे माझे आहेत."

गुरुवारी दुपारी मिस्त्रीने बाराव्या हाताला, एका नर्सबाईंना, यंत्र दिलं. आधी त्यांना रिकामं बसवून पाहिलं, कशा बसतात ते. पसंत पडल्यावर दिलं. तिथून पुढे शनिवारपर्यंत एकही मिनिट वाया गेलं नाही.

आज सकाळी माझ्या दारात एक माणूस उभा. निळी पिशवी. त्यातून माझा डबा काढला, धुऊन, पुसून. डब्यावर कोरलेल्या नावावरून त्याने ऑफिस शोधलं, ऑफिसातून घर. म्हणाला, "भाजीत मीठ कमी होतं. बाकी पोळ्या चांगल्या." सूनबाई पहिल्यांदाच ओशाळली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "नियम आहे ना?"

मावशी, मी आयुष्यभर या देशातल्या लोकांना अर्ज घेऊन रांगेत उभं राहिलेलं पाहिलं आहे. खिडकीच्या या बाजूने ते फार चिडके दिसतात. मला वाटायचं, मी त्यांना ओळखतो. आता स्टँडवर गेलो, की मी प्रत्येकाच्या मांडीकडे बघतो.

शेजारीणबाई हे वाचत असतील तेव्हा सोमवार असेल, घड्याळ बघा, दहाच्या पुढे असेल. अकराला पेपर सुरू होईल. पहिला पेपर भाषेचा आहे. ओळ संपत आली, की घंटा वाजेल.

तुझा,
भाचा

ता. क. : हे पत्र घेऊन आलेला माणूस दाराबाहेर उभा असेल, तोच मिस्त्री. शाळेच्या छताला निघालाय. पायाला चुना आहे म्हणून आत येत नाही म्हणेल, ऐकू नका. आत आल्यावर तो तुमच्या छताकडे बघून चकचक करेल, ते मनावर घेऊ नका.

ता. क. दुसरा : तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, टेकलं. एकदाच. एका अख्ख्या बसने टेकवलं नाही, मुंग्या आलेल्या आजोबांनी टेकवलं नाही. मंगळवारी संध्याकाळी मी किल्ली शोधताना उंबरठ्यावर ठेवलं, अडीच मिनिटं. उंबरठा म्हणजे जमीन नव्हे, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ठिपके सगळे शाबूत आहेत, हे मी पहिल्या परिच्छेदात का लिहिलं, ते आता कळलं असेल.

ता. क. तिसरा : फोनवाल्या बाईंचं येत्या गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तीन आठवडे फोन सांभाळायला असं कुणी तरी हवं, की ज्याला नऊशे माणसं न लिहिता लक्षात राहतील. यंत्र गेलं त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "आता या हातांनी करायचं काय?" मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलं आहे. बाई सोमवारी दुपारीच तुला यादी तोंडी सांगायला फोन करतील. गुरुवारी सकाळी आठपासून सगळे फोन तुझ्याकडे वळतील.

ता. क. शेवटचा : वहीत मिस्त्रीने कंडक्टरकडून एक ओळ लिहून घेतली आहे: 'सातव्या हाताला पुन्हा काही देऊ नये.' बाईंनी मला डोक्यातल्या यादीतून काढलं आहे. मी गयावया केली, तर म्हणाल्या, याचा निर्णय आता फोन सांभाळणारीने घ्यायचा. तेव्हा गुरुवारी आठला जो पहिला फोन वाजेल, तो माझा असेल. आवाज नीट येत नाहीये, असं मात्र म्हणू नकोस.